तळमजल्यावर कोण राहते?

दिवाळीच्या दिवसांत पुण्या-मुंबईच्या, ठाण्या-नाशिकच्या कोणत्याही सोसायटीच्या फाटकातून आत शिरावे आणि जरा मान वर करून पाहावे. चार-पाच मजले बिऱ्हाडे आहेत. गॅलऱ्यांतून आकाशकंदील लटकताहेत, कुठे चकलीच्या तळणीचा वास सुटला आहे, कुठे दिव्यांच्या माळा लुकलुकताहेत. आता मान खाली करावी. या सगळ्या गोकुळाच्या खाली काय आहे? मोटारी आहेत, स्कूटरी आहेत, विजेच्या मीटरांची पेटी आहे, वॉचमनची मोडकी खुर्ची आहे. एका कोपऱ्यात पोरांनी मातीचा किल्ला केला असून त्यावर अळीव उगवले आहेत. पण भिंत म्हणून नाही! दहा-बारा खांब तेवढे उभे आहेत आणि त्यांच्या डोक्यावर चार मजल्यांचा संसार.

भाद्रपदात या जागेत गणपती बसतो, एखाद्या मुंजीची पंगत येथेच उठते, पावसाळ्यात पोरांचे क्रिकेट चालते. सर्वांच्या उपयोगाचा असा हा मजला. परंतु त्यावर राहत कोणीच नाही. आणि ज्या मजल्यावर कोणी राहत नाही त्याच्या प्रकृतीची चौकशीही कोणी करीत नाही. इमारतींचे सांगाडे गणिताने मांडण्यात माझे आयुष्य गेले. निवृत्त झाल्यापासून ओळखीचे लोक मला आपापल्या सोसायट्यांत घेऊन जातात. गच्ची गळते म्हणून नेतात, न्हाणीघराच्या भिंतीला ओल आली म्हणून नेतात, लिफ्ट अडकते म्हणूनही नेतात (तो माझा विषय नाही, तरी नेतात!). "आमच्या पार्किंगचे खांब पाहायला चला," असे मात्र मला आजवर एकाच ठिकाणाहून बोलावणे आले. ती हकीकत पुढे येईलच.

वास्तविक भूकंपात इमारतीचे मरण लिहिलेले असते ते याच मजल्यावर.

आपल्या वाडवडिलांची घरे आठवा. वाड्याचे जोते दगडाचे, तळमजल्याच्या भिंती सर्वांत जाड, आणि वर जावे तसतसे बांधकाम हलके होत जाई. चाळ आली तरी तळमजल्यावर खोल्या होत्याच. तेथेही कोणाचे पाळणे हलत. घर खांबांवर उचलून धरावे आणि खालची जागा मोकळी सोडावी ही कल्पना ल कॉर्ब्यूझिए या विख्यात वास्तुशिल्पज्ञाने १९२७ च्या सुमारास आपल्या पाच तत्त्वांत मांडली. कल्पना देखणी खरीच. परंतु आपल्या शहरांत ती आली ती काही देखणेपणासाठी नव्हे. जमीन महागली, मोटारी वाढल्या, आणि पार्किंगसाठी मोकळा ठेवलेला तळमजला एफ.एस.आय.च्या हिशेबातून वगळला जाऊ लागला. म्हणजे भिंती घातल्या की क्षेत्रफळ मोजले जाणार, नुसते खांब ठेवले की नाही. मग कोणता बिल्डर भिंत घालील? घेणाऱ्यालाही गाडीला सावली हवीच होती. सौदा दोन्ही बाजूंनी पटला. विचारले नाही ते फक्त खांबांना.

आता भूकंप इमारतीला करतो काय, ते पाहू. एस.टी. एकदम सुटली की उभा असलेला उतारू मागे झुकतो. पाय गाडीबरोबर पुढे जातात, धड जागेवर राहू पाहते, आणि सारा ताण येतो तो पायांवर. इमारतीचेही तेच. जमीन आडवी हलते, पाया तिच्याबरोबर जातो आणि वरचे शेकडो टन वजन जागचे हलायला नाखूश असते. प्रत्येक मजला आपल्या वजनाच्या मानाने आडवा रेटा देतो, हे रेटे वरून खाली साठत येतात आणि तळमजल्याच्या वाट्याला सर्वांची बेरीज येते. म्हणजे जो मजला सर्वांत बळकट हवा तोच आपण सर्वांत पोकळ केला.

एवढ्यावर कोणी म्हणेल, "पण इंजिनियरने गणित केले असेल की!" केलेले असते. येथेच खरी मेख आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

आर.सी.सी. इमारतीचे गणित करताना पुष्कळदा खांब आणि बीम यांचा नुसता पिंजरा विचारात घेतात. विटांच्या भिंती त्या गणितात येतात त्या केवळ ओझे म्हणून. त्यांच्यापासून काही आधार मिळतो असे धरीत नाहीत. "आर.सी.सी.त भिंतीवर भार नसतो," हे वाक्य तर आता गवंड्यापासून गृहिणीपर्यंत सर्वांना पाठ आहे. त्यामुळे कागदावर तळमजला आणि तिसरा मजला सारखेच दिसतात. दोन्हीकडे तेच खांब, तेच बीम. पण विटांना काय ठाऊक की आपल्याला गणितातून वगळले आहे? त्या दोन खांबांच्या मध्ये घट्ट बसलेल्या असतात आणि चौकट तिरपी व्हायला लागली की तिला अडवतात. घर बदलताना लाकडी कपाट हलवलेल्या कोणालाही हे समजेल. कपाटाची पाठ शाबूत असेल तर ते ताठ राहते. पाठीची फळी निघाली की तेच कपाट खिळखिळे होऊन डुलू लागते. वरचे चार मजले म्हणजे पाठ असलेली कपाटे आणि तळमजला बिनपाठीचा. जमीन हलली की वरचे चार मजले एखाद्या पेटीसारखे एकसंध हलतात. पाच मजल्यांनी वाटून घ्यावयाचे वाकणे एकट्या तळमजल्याच्या खांबांना सोसावे लागते. ते एकदा वरच्या टोकाला मोडतात, एकदा खालच्या टोकाला मोडतात, आणि मग खांब खांब राहत नाही. बिजागऱ्या लावलेली काठी होते.

म्हणजे ज्या विटांना गणितात स्थानच नव्हते त्यांनीच वरच्यांना सांभाळले आणि खालच्याचा घात केला. कागदावरची इमारत एक आणि जमिनीवरची दुसरी!

हे सारे मला पुस्तकांतून ठाऊक होते. २००१ च्या फेब्रुवारीत मी ते अहमदाबादेत डोळ्यांनी पाहिले.

२६ जानेवारी २००१, शुक्रवार. सकाळचे ८ वाजून ४६ मिनिटे झाली होती. कच्छमध्ये भचाऊच्या परिसरात ७.७ प्रतीचा भूकंप झाला. भूज, भचाऊ, अंजार, रापर ही गावे उद्ध्वस्त झाली आणि गुजरातेत सुमारे १३,८०० माणसे दगावली. कच्छचा आकांत साऱ्या जगाने पाहिला. आमच्या धंद्यातल्या माणसांना मात्र अहमदाबादच्या बातमीने झोप लागेना. अहमदाबाद तेथून दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर. नदीच्या गाळाच्या जमिनीने हादरा थोडा वाढवला हे खरे. तरी शहरात यंत्राने मोजलेला जास्तीत जास्त हिसका गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे एक दशांश इतकाच होता. हा काही प्रलय नव्हे. एवढे सोसेल अशीच इमारत तेथे हवी होती. तरीही शहरात सुमारे ७० बहुमजली इमारती बसल्या आणि साडेसातशेच्या आसपास माणसे गेली. आणखी एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी: भूकंपाच्या त्या वेळच्या सरकारी नकाशात अहमदाबाद तिसऱ्या विभागात होते. मुंबई आणि पुणेही २००२ च्या नकाशात त्याच तिसऱ्या विभागात आहेत.

दोन स्नेही इंजिनियर, एक टेप आणि तीन वह्या घेऊन आम्ही गेलो. एका सोसायटीत एकाच नकाशावरून बांधलेल्या दोन जुळ्या इमारती होत्या. त्यांतली एक उभी होती. दुसरीचा तळमजला नाहीसा झाला होता. 'कोसळली' हा शब्द येथे पुरेसा नाही. ती खाली बसली होती. पहिल्या मजल्याची गॅलरी जमिनीला टेकलेली, वरच्या खिडक्यांचे पडदे जागच्या जागी, एका कठड्यावर वाळत घातलेला पंचा तसाच. आणि त्या गॅलरीच्या खालून, गुडघ्याएवढ्या फटीतून, मोटारीचा चेपलेला टप डोकावत होता.

जुळी भावंडे, मग एक जगले आणि एक का गेले? आम्ही उभ्या इमारतीच्या खाली गेलो. तिच्या तळमजल्यावर सोसायटीने आपले कार्यालय, मीटरची खोली आणि पहारेकऱ्याची खोली अशा तीन खोल्या विटांनी बांधून घेतल्या होत्या. नकाशात त्या नव्हत्या. त्या भिंतींवर गुणाकाराच्या चिन्हासारखे मोठे तडे गेले होते. खांबांनी खायचा मार त्या भिंतींनी खाल्ला होता. साध्या चार इंची आणि नऊ इंची विटा! कोणाच्या हिशेबात नसलेल्या.

तेथेच एक मराठी गृहस्थ भेटले. गिरणीतून निवृत्त झालेले, जन्म अहमदाबादेत गेलेला, बोलण्यात गुजरातीचा हेल. पडलेल्या इमारतीत ते तिसऱ्या मजल्यावर राहत होते. आमच्या हातातल्या वह्या पाहून जवळ आले.

"भाऊ, तुम्ही सरकारकडून?"

"नाही, आम्ही पुण्याहून आलो. इंजिनियर आहोत."

"मग सांगा मला. आमच्या घरातली काचेची बरणीसुद्धा फुटली नाही. तिसऱ्या मजल्यावर होतो, ते दुसऱ्यावर आलो. जिना नाही राहिला, अग्निशमनवाल्यांनी शिडी लावली. पण घरात पाहाल तर सगळं नीट. असं कसं?"

मी त्यांना खांबांविषयी काही सांगू लागलो. ते ऐकत होते की नाही कोण जाणे. मध्येच म्हणाले, "शेजारचा मुलगा खाली स्कूटर पुसत होता. झेंडावंदनाला जायचं होतं त्याला. मी गॅलरीतून म्हटलं, आज लवकर? तो वर बघून हसला. मी आत वळलो, तेवढ्यात."

वहीत त्या दिवशी मी पुढे काही लिहिले नाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही मोडलेले खांब मोजू लागलो. बहुतेक ठिकाणी तीच कहाणी. खांबाची रुंदी नऊ इंच. कारण भिंतही नऊ इंचांची, आणि खोलीत खांबाचा कोपरा पुढे आलेला घेणाऱ्याला खपत नाही! आतल्या उभ्या सळया एकवेळ पुरेशा होत्या. पण त्यांच्याभोवतीच्या रिंगा? आठ-आठ, नऊ-नऊ इंचांवर एक रिंग, तीही बारीक, आणि तिची टोके नुसती काटकोनात दुमडलेली. खांबाच्या माथ्याशी काँक्रीटचा भुगा झाला होता आणि सळया उलट्या झालेल्या छत्रीच्या काड्यांसारख्या बाहेर फाकल्या होत्या. काही इमारतींत वरचे मजले बाहेर काढून त्यांच्या कडेचे खांब नुसत्या पुढे आलेल्या बीमवर उभे केले होते. म्हणजे खांब आहे, पण त्याखाली जमिनीपर्यंत काही नाही! काही उंच इमारतींत लिफ्टची काँक्रीटची विहीर तेवढी एकटी उभी होती आणि तिला धरून असायला हवे होते ते मजले तिच्यापासून तुटून खाली गेले होते.

रिंगेविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. कारण ती स्वस्त वस्तू आहे आणि नेमकी तिच्यातच काटकसर होते. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव कशासाठी बसवतात? लाकडाचे तुकडे आपापल्या जागी आवळून धरण्यासाठी. रिंग ही खांबाची धाव होय. काँक्रीट दाबले गेले की फुगून फुटू पाहते. रिंगा जवळजवळ असतील तर फुटलेले काँक्रीटदेखील आत कोंडून राहते आणि वजन पेलत राहते. १९९३ साली निघालेल्या भारतीय मानकात खांबाच्या दोन्ही टोकांशी रिंगांमधील अंतर १०० मिलिमीटरांपेक्षा, म्हणजे चार इंचांपेक्षा, जास्त असू नये असे सांगितले आहे. आणि रिंगेचे टोक काटकोनात न सोडता आणखी वळवून खांबाच्या गाभ्यात घुसवावे, असेही. बांधकामावरचा फिटर याला कंटाळतो. टोक आत वळवायला प्रत्येक रिंगेला थोडा वेळ जास्त लागतो, आणि अशा रिंगा शेकड्यांनी असतात. एका मुकादमाने मला एकदा ऐकवले होते, "साहेब, आतलं कोण बघतंय? वर प्लास्टर होणार!" मोठा प्रामाणिक माणूस.

कॅलिफोर्नियात ९ फेब्रुवारी १९७१ रोजी सॅन फर्नांडोचा भूकंप झाला तेव्हा ऑलिव्ह व्ह्यू नावाचे कोरे करकरीत इस्पितळ असेच खालच्या मजल्यावर मोडले. त्याच्या आवारातील एका दुमजली इमारतीचा तर खालचा मजला गेला आणि वरचा जमिनीवर येऊन बसला. मुख्य इमारत सुमारे दोन फूट एका बाजूला सरकली, पण पडली नाही. नंतर तपासणी झाली तेव्हा दिसून आले की, ज्या खांबांत सळयांभोवती स्प्रिंगेसारखा अखंड गुंडाळा होता त्यांचे कवच गळाले तरी त्यांनी वजन सोडले नव्हते. सुट्या रिंगांचे कोपऱ्यातले खांब मात्र फुटून गेले होते. शेवटी इस्पितळ पाडावे लागले; पण माणसे बाहेर येईपर्यंत ते उभे राहिले, हे काय थोडे झाले?

पण अमेरिकेला कशाला जायचे? मजबूत आणि लवचीक यांचा सांधा एकाएकी आला की भूकंप नेमका तेथेच दात रोवतो, याचा मोठा धडा आपल्या कोयनेत आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला धक्का बसला. सुमारे १८० माणसे गेली. १०३ मीटर उंचीच्या त्या धरणाने दगा दिला नाही. पण त्याला तडे गेले. ते कोठे गेले? तळाशी नव्हे. धरणाच्या मागच्या बाजूचा उतार ज्या उंचीवर एकदम बदलतो, खालचा जाड भाग संपून वरचा सडपातळ भाग सुरू होतो, त्या रेषेच्या आसपास. मग सरकारने काय केले? धरणाला मागून काँक्रीटचे टेकू देऊन तो भाग बळकट केला. धरणाच्या बाबतीत जे शहाणपण तेव्हा सुचले ते खांबांवरच्या इमारतींच्या बाबतीत सुचायला काय हरकत होती?

हरकत अशी की, आपण भूकंपाचा धडा दुसऱ्याच पुस्तकातून वाचला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जे झाले ते महाराष्ट्र विसरू शकणार नाही. गणेश विसर्जन आटोपून लोक झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद. हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. त्यातून सर्वांनी एकच बोध घेतला, की दगड-मातीचे घर वाईट आणि सिमेंटचे घर चांगले. शहरांतल्या लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आपण तर सिमेंटच्या घरात राहतो! पण माळवदाच्या घरातही दोष हाच होता, की वर फार जड आणि खाली आडवा हिसका सोसणारे काही नाही. आठ वर्षांनी अहमदाबादने दाखवून दिले की हा दोष सिमेंटमध्येही बेमालूम ओतता येतो.

अहमदाबादनंतर नियम बदलले नाहीत असे नाही. २००२ च्या भारतीय मानकाने अशा मजल्याला 'मऊ मजला' असे नावच दिले. ज्याचा आडवा ताठपणा वरच्या मजल्याच्या सत्तर टक्क्यांहून कमी तो मऊ. अशा मजल्याचे खांब आणि बीम नेहमीच्या हिशेबाच्या अडीचपट जोर धरून करावेत, असे त्याने सांगितले. २०१६ च्या आवृत्तीने काँक्रीटच्या भिंती किंवा तिरपे आधार घालण्याचा मार्ग दाखवला. छान झाले. पण नियम पुढे बांधायच्या इमारतींना. आधी बांधलेल्यांचे काय? १९७० ते २००० या काळात आपल्या शहरांत खांबांवर उचललेल्या ज्या इमारती उठल्या, त्यांतली माणसे आजही त्यांतच राहतात.

सॅन फ्रान्सिस्कोला हाच प्रश्न पडला. तेथे १७ ऑक्टोबर १९८९ च्या भूकंपात मरीना नावाच्या वस्तीत खाली गॅरेज असलेली कोपऱ्यावरची लाकडी घरे माना टाकून पडली. १९९४ मध्ये लॉस एंजल्सजवळ नॉर्थरिजला तिमजली घरांच्या एकाच समूहात खालच्या मजल्यावरची १६ माणसे चिरडली. तरी कायदा व्हायला २०१३ साल उजाडले. सॅन फ्रान्सिस्कोने अशा जुन्या इमारतींच्या मालकांना मुदत घालून तळमजला बळकट करायला लावले. जे चुकारपणा करतील त्यांच्या इमारतीच्या दर्शनी भागावर, ही इमारत भूकंपाला धोक्याची आहे, अशी नोटीस डकवली. लॉस एंजल्सने २०१५ मध्ये पाठोपाठ तेच केले. आपल्याकडे सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुनीची तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट नावाची तपासणी सांगितली आहे. ती चांगलीच आहे. पण मी पाहिलेल्या बहुतेक अहवालांत गंज, गळती आणि प्लास्टर यांचेच पारायण असते. भूकंपाचा 'भ' क्वचितच.

आता कबूल केलेली हकीकत. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तानात भूकंप झाला आणि पन्नास हजारांवर माणसे गेली. तिकडच्या बसलेल्या इमारतींची चित्रे पाहून दोन दिवसांनी माझ्या भाचीचा फोन आला. "मामा, आपल्या बिल्डिंगच्या खालीही नुसते खांबच आहेत हो. तुम्ही एकदा येऊन बघता का?"

माझी बहीण पुण्यात ज्या सोसायटीत राहते ती १९८७ सालची. पार्किंगवर चार मजले, सोळा बिऱ्हाडे. मी गेलो. दोन खांबांचे प्लास्टर आणि वरचे काँक्रीट थोडे फोडून पाहिले. रिंगा नऊ इंचांवर. भाचीने विचारले, "काय?" मी म्हटले, "अहमदाबाद." तिला समजले, ते सारे मी तिला लहानपणी सांगितले होते.

मग सभा! पहिल्या सभेला चिटणीसांनी विषय मांडताच एक गृहस्थ उद्गारले, "पुण्यात कुठं भूकंप होतो?" कोयनेच्या पहाटे पुणेकर अंथरुणातून उठून बसले होते हे त्यांना त्यांच्याच सौभाग्यवतींनी सांगितले. दुसरे म्हणाले, रिडेव्हलपमेंट होणारच आहे, मग आत्ता खर्च कशाला? ही रिडेव्हलपमेंट अकरा वर्षे 'होणारच' होती. खरा विरोध आला तो तिसऱ्या सभेला, आणि तो भूकंपाविषयी नव्हता. पहिल्या मजल्यावरचे एक वयस्क सभासद उठून म्हणाले, "भिंती घाला, माझी ना नाही. पण माझी गाडी मी कुठं लावू?"

प्रश्न रास्त होता. सगळीकडे भिंती घातल्या तर पार्किंग जाणार. परंतु सगळीकडे घालण्याची गरजच नसते. ज्यांनी या कामाचे गणित केले त्या तरुण इंजिनियरबाईंनी चार गाळ्यांत काँक्रीटच्या भिंती सुचवल्या: दोन लांबीच्या दिशेने, दोन रुंदीच्या, इमारतीच्या मध्यापासून सारख्या अंतरावर, म्हणजे हिसका बसला की इमारत पीळ खाणार नाही. भिंत नुसती फरशीवर उभी करून भागत नाही. ती पायापर्यंत न्यावी लागते आणि वर बीमला सळयांनी गुंतवावी लागते. शिवाय आठ खांबांभोवती नव्या सळया आणि जवळजवळ रिंगा बांधून काँक्रीटचा अंगरखा चढवायचा. खांब प्रत्येक बाजूने चार इंच जाड होणार. भाचीने पार्किंगचा नकाशा मोठा करून पुठ्ठ्याच्या मोटारी कापल्या आणि सभेत टेबलावर मांडून दाखवल्या. चौदा गाड्यांपैकी बारांची सोय लागत होती. उरलेल्या दोन जागांपैकी एक माझ्या बहिणीची. तिच्याकडे गाडी नाही, तिने ती जागा सोडली. दुसरी त्या पहिल्या मजल्यावरच्या सभासदांची. त्यांना फाटकाजवळची पाहुण्यांची जागा देऊ केली. ते दोन महिने विचार करीत होते. तोवर काम अडले.

एका संध्याकाळी ते मला खालीच गाठून म्हणाले, "अहो, एक विचारू? एवढं सगळं केल्यावर भूकंप आला, तर इमारतीला काहीच होणार नाही ना?"

"होईल की. भिंतींना तडे जातील, काचा फुटतील, कदाचित इमारत पुन्हा राहण्याजोगी राहणारही नाही."

"मग उपयोग काय?"

"तुम्ही पहिल्या मजल्यावरून जिन्याने उतराल."

त्यांनी त्या खांबाकडे, मग आपल्या गाडीकडे पाहिले. पाहुण्यांच्या जागेवर ऊन येते, पत्रा घालून देणार का, असे त्यांनी विचारले. पत्रा घालून दिला.

ज्या वाचकांची इमारत अशी आहे त्यांना एवढेच सांगायचे, की घाईने गवंडी बोलावून एकाच बाजूला वीटकाम करून घेऊ नये. एक बाजू ताठ आणि दुसरी मोकळी झाली तर इमारत पीळ खाते आणि मोकळ्या बाजूचे खांब आधी जातात. रस्त्याच्या बाजूला शटरांची दुकाने आणि मागे बंद भिंत अशा इमारतींत तो दोष जन्मजातच असतो. त्यात दोन गाळे एक करण्यासाठी मधली भिंत काढली की पाहायलाच नको. मूळ नकाशे शोधावेत, भूकंपाचे काम जाणणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनियरकडून आधी गणित करून घ्यावे, महापालिकेची परवानगी काढावी आणि मगच कुदळ मारावी.

बहिणीच्या सोसायटीतले काम चार महिने चालले. त्या काळात गाड्या रस्त्यावर होत्या, जिन्यात सिमेंटची धूळ होती आणि खालच्या ड्रिल यंत्राच्या आवाजाने दहावीच्या मुलांचे पालक रोज चिटणीसांशी भांडत. इंजिनियरबाई रिंगा स्वतः मोजत. काटकोनात सोडलेल्या टोकांच्या एकवीस रिंगा त्यांनी एका सकाळी परत काढायला लावल्या. खर्च बिऱ्हाडामागे एका चांगल्या मोटारसायकलीच्या किमतीएवढा आला. सोळांपैकी पंधरा बिऱ्हाडांची वर्गणी जमा झाली आहे. एकाची अजून यायची आहे, आणि चिटणीस दर महिन्याला त्यांना पत्र पाठवीत असतात.